फॉर मॅन की फॉर अ मॅन? बोली इंग्रजीतील एका स्वराचा प्रकरण अभ्यास

२१ जुलै १९६९ रोजी, जागतिक प्रमाणवेळेनुसार २ वाजून ५६ मिनिटांनी, म्हणजे आपल्याकडे सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी, नील आर्मस्ट्राँग यांनी ‘ईगल’ या चांद्रयानाच्या पायावरून आपला डावा बूट चंद्राच्या मातीवर टेकवला आणि एक वाक्य उच्चारले. भारतात तेव्हा दूरचित्रवाणी फक्त दिल्लीत होती आणि मुंबईचे केंद्र सुरू व्हायला २ ऑक्टोबर १९७२ ही तारीख उजाडायची होती. त्यामुळे महाराष्ट्रातल्या बहुतेकांपर्यंत ते वाक्य रेडिओच्या खरखरीतून किंवा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून पोहोचले. पृथ्वीवर ऐकणाऱ्यांच्या कानी जे पडले ते असे होते : ‘दॅट्स वन स्मॉल स्टेप फॉर मॅन, वन जायंट लीप फॉर मॅनकाइंड.’

हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, परंतु अर्थदृष्ट्या ते स्वतःलाच छेद देते. इंग्रजीत ‘मॅन’ हा शब्द उपपदाशिवाय आला की त्याचा अर्थ ‘मानवजात’ असा होतो आणि ‘अ मॅन’ म्हटले की ‘एक माणूस’ असा होतो. ऐकू आले तसे हे वाक्य घेतले, तर एकच गोष्ट मानवजातीसाठी लहान पाऊलही ठरते आणि मोठी झेपही ठरते. आर्मस्ट्राँग यांना अभिप्रेत असलेला विरोध एका माणसाचे पाऊल आणि साऱ्या मानवजातीची झेप यांच्यातील होता, आणि तो विरोध ‘फॉर’ व ‘मॅन’ यांच्यामधल्या एका अत्यंत ऱ्हस्व, आघातहीन स्वरावर तोललेला होता. तो स्वर उच्चारला गेला की नाही, याची चर्चा पन्नास वर्षांहून अधिक काळ चालू आहे. सहज बोलताना इंग्रजीचे ध्वनी कसे झिजतात, एकमेकांत कसे मिसळतात आणि ऐकणारा त्यांतून काय उचलतो, हे समजून घेण्यासाठी याहून चांगले प्रकरण मला माहीत नाही. येथे वक्ता एकच आहे, वाक्य एकच आहे, ध्वनिमुद्रण जगाला उपलब्ध आहे आणि वक्त्याचा हेतू त्याच्याच तोंडून नोंदवला गेलेला आहे.

वक्त्याची साक्ष

आर्मस्ट्राँग यांची स्वतःची भूमिका प्रामाणिक होती आणि म्हणूनच ती अभ्यासाला उपयोगी आहे. ‘अ’ म्हणण्याचा आपला हेतू होता, आपण तो म्हटला असेच आपल्याला वाटत होते, मात्र पृथ्वीवर आलेले ध्वनिमुद्रण ऐकताना तो आपल्यालाही ऐकू येत नाही, असे त्यांनी १९९९ मध्ये, चांद्रविजयाच्या तिसाव्या वर्षी सांगितले, आणि लिहिताना तो ‘अ’ कंसात घातलात तर मला आनंद होईल, असेही सुचवले. २०१२ मध्ये त्यांच्या निधनानंतर काही महिन्यांनी त्यांचे बंधू डीन यांनी बीबीसीच्या एका माहितीपटात सांगितले की, मोहिमेपूर्वी नील यांनी आपल्याला हे वाक्य कागदावर लिहून दाखवले होते आणि त्यात ‘अ’ होता. वाक्य चंद्रावर उतरल्यानंतर सुचले, असे आर्मस्ट्राँग स्वतः सांगत असत, त्यामुळे या दोन कथनांचा मेळ बसत नाही. परंतु हेतूबद्दल दोन्ही कथने एकच गोष्ट सांगतात, आणि आपल्या प्रश्नापुरते तेवढे पुरेसे आहे.

येथे एक भेद सुरुवातीलाच करून ठेवायला हवा, कारण या प्रकरणावर लिहिणाऱ्या अनेकांनी तो केलेला नाही. मनात असलेला शब्द, तोंडातून निघालेला ध्वनी आणि ऐकणाऱ्याच्या मनात उमटलेला शब्द या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ‘आर्मस्ट्राँग चुकले का?’ हा लोकप्रिय प्रश्न या तिन्हींना एकच मानतो. मनात शब्द पक्का असूनही त्याचा ध्वनी शेजारच्या ध्वनीत विरघळू शकतो आणि तो तसा विरघळला तरी बोलणाऱ्याला आपण तो उच्चारला असेच प्रामाणिकपणे वाटत राहते. ‘तू काय करतो आहेस’ असे मनात धरून आपण दिवसभर ‘काय करतोयस’ म्हणत असतो आणि ‘आहेस’मधला ‘हे’ गाळला, अशी जाणीव आपल्याला एकदाही होत नाही.

त्या दोन शब्दांचे काय होते

शब्दकोशात ‘फॉर’चा उच्चार ‘फोर’ या आकड्यासारखा, भरीव ‘ऑ’ स्वरासह दिलेला असतो. परंतु इंग्रजीतील शब्दयोगी अव्यये, उपपदे, साहाय्यक क्रियापदे आणि सर्वनामे यांना सहसा आघात नसतो, आणि आघात गेला की स्वरही आपले ठिकाण सोडतो. जीभ तोंडाच्या मध्यावर विसावते आणि जो अस्पष्ट, ओळख नसलेला स्वर उरतो त्याला भाषाशास्त्रात ‘श्वा’ म्हणतात. बोलताना ‘फॉर’चा ‘फर्’ होतो, ‘अँड’चा नुसता ‘न्’ होतो, ‘गोइंग टू’चे ‘गना’ होते आणि ‘डिड यू’मधील ‘ड’ व ‘य’ मिळून ‘डिजू’ होते. हा अडाणीपणा किंवा निष्काळजीपणा नाही. न्यायालयात साक्ष देणारा प्राध्यापकसुद्धा ‘फॉर’चा पूर्ण उच्चार क्वचितच करतो, आणि जो प्रत्येक वेळी तो करतो त्याचे इंग्रजी ऐकणाऱ्याला कृत्रिम वाटते. स्वीडिश ध्वनिशास्त्रज्ञ ब्यॉर्न लिंडब्लॉम यांनी १९९० मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार बोलणारा सतत दोन ओढींमध्ये वाट काढत असतो : आपले श्रम वाचवावेत ही एक ओढ आणि ऐकणाऱ्याला कळेल इतके स्पष्ट असावे ही दुसरी. संदर्भावरून ज्या शब्दाचा अंदाज बांधता येतो, त्यावर श्रम कमी खर्च होतात. ‘फॉर’ आणि ‘अ’ हे तशा शब्दांमध्ये अगदी वरच्या पंक्तीला बसणारे आहेत.

परंतु एवढ्याने स्वर ऱ्हस्व होतो, नाहीसा होत नाही. ‘टू अ मॅन’ किंवा ‘विथ अ मॅन’ कितीही घाईत म्हटले तरी त्यातला ‘अ’ बहुधा ऐकू येतो. ‘फॉर अ मॅन’मध्ये तो अडचणीत येतो, त्याचे कारण ‘र’ आहे, आणि या प्रकरणाचा गाभाही तोच आहे.

अमेरिकन इंग्रजीतील ‘र’ हा मराठी ‘र’ नव्हे. आपला ‘र’ म्हणजे जिभेच्या टोकाचा दंतमूलावरचा क्षणिक आघात आहे. तो होतो आणि संपतो, त्यामुळे त्याच्यानंतर येणारा स्वर आपोआप वेगळा सुरू होतो. अमेरिकन ‘र’मध्ये जीभ कोठेही टेकत नाही. ती मागे गोळा होते किंवा वर वळते आणि तशीच राहते, त्यामुळे तो ध्वनी व्यंजनापेक्षा स्वराच्या जवळचा असतो आणि स्वरासारखा लांबवताही येतो. ‘फर्’मधील श्वा आणि ‘र’ हे एकापुढे एक येत नाहीत, तर दोघांचा मिळून एकच ‘र’च्या रंगाचा स्वर होतो. त्या स्वराला लागून पुन्हा एक श्वा, म्हणजे ‘अ’ हे उपपद आले, की दोघांमध्ये भिंत उरत नाही. एक मध्यस्वर दुसऱ्या मध्यस्वरात शिरतो आणि त्यांतला पहिला कोठे संपला, दुसरा कोठे सुरू झाला, हे दाखवणारी एकही खूण शिल्लक राहत नाही. राहतो तो फक्त काळ : ‘फर्’ थोडा लांबला असेल तर त्यात ‘अ’ असेल, लांबला नसेल तर नसेल.

ध्वनिलेखात, म्हणजे ध्वनीतील कंपनसंख्या रेषांनी दाखवणाऱ्या आलेखात, हे पाहायचे म्हटले तर ‘र’ ओळखण्याची मुख्य खूण तिसऱ्या अनुनादाची, म्हणजे तोंडाच्या पोकळीत घुमून बळावणाऱ्या तिसऱ्या कंपनसंख्येची, घसरण ही असते. साध्या श्वामध्ये सुमारे २,५०० हर्ट्झजवळ असणारी ही रेषा ‘र’मध्ये २,००० हर्ट्झच्या खाली उतरते. ‘फर् अ’ नीट म्हटले तर रेषा खाली जाऊन ‘अ’पाशी परत वर यायला हवी आणि मग ‘म’साठी ओठ मिटायला हवेत. जलद बोलण्यात जिभेला तेवढा वेळ मिळत नाही. ती वर यायच्या आतच ओठ मिटलेले असतात. त्यातच आर्मस्ट्राँग यांचा आवाज अवकाशपोशाखातील रेडिओवरून चांद्रयानापर्यंत आणि तेथून सुमारे ३,८०,००० किलोमीटर ओलांडून पृथ्वीवर आला होता, आणि या अनुनादाच्या हालचाली त्या अरुंद रेडिओ-पट्ट्याच्या वरच्या कडेजवळच घडतात. म्हणजे जी एकमेव खूण साक्ष देऊ शकली असती ती सर्वांत जास्त गोंगाटात होती.

याच जागी लंडनचा एखादा अंतराळवीर उभा असता, तर हा वाद निर्माणच झाला नसता. दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात शब्दाच्या शेवटचा ‘र’ पुढे स्वर असेल तरच ऐकू येतो. ‘फॉर मॅन’चा उच्चार तेथे ‘फ मॅन’ असा होतो आणि ‘फॉर अ मॅन’चा ‘फरमॅन’ असा. तेथे ‘र’चे अस्तित्व हाच ‘अ’चा पुरावा ठरतो, मग खुद्द ‘अ’ कितीही पुसट असो. आर्मस्ट्राँग ज्या ओहायो राज्यात वाढले तेथे ‘र’ सगळीकडेच उच्चारला जात असल्याने तो कोणाचीच साक्ष देत नाही. ध्वनिलोपाचे नियम बोलीगणिक किती वेगळे असतात, हे सांगण्यासाठी मी विद्यार्थ्यांपुढे अनेक उदाहरणे ठेवून पाहिली आहेत, पण या एका तुलनेइतके स्पष्ट उदाहरण दुसरे मिळालेले नाही.

तीन तपासण्या

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील संगणक-तज्ज्ञ पीटर शॅन फोर्ड यांनी ‘गोल्डवेव्ह’ या ध्वनिसंपादन प्रणालीत वाक्य तपासून ‘अ’ सापडल्याचे जाहीर केले. त्यांच्या मते तो सुमारे ३५ मिलिसेकंदांचा होता आणि म्हणून माणसाच्या कानाला ऐकू येण्याजोगा नव्हता. आर्मस्ट्राँग यांनी हा निष्कर्ष आपल्याला पटण्यासारखा वाटतो असे म्हटले आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी ‘अखेर व्याकरण सुधारले’ या थाटात ती बातमी दिली. बातमी आनंदाची होती, पण तिच्यातील तर्क टिकणारा नव्हता. पहिली गोष्ट म्हणजे ३५ मिलिसेकंदांचा स्वर ऐकू येत नाही असे नाही. आघातहीन श्वा पुष्कळदा तेवढ्याच वेळात आटोपतो आणि आपण तो ऐकतोही. दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. ‘र’च्या रंगाच्या स्वराची लहर पडद्यावर पाहून तिच्या एका तुकड्यावर ‘हा फॉर’ आणि दुसऱ्यावर ‘हा अ’ अशी चिठ्ठी लावता येत नाही, कारण त्या लहरीत तशी रेघ नसतेच. रेघ ओढणारा माणूस ती आपल्या अपेक्षेनुसार ओढतो. ध्वनिलेखांची सवय असलेल्या भाषाशास्त्रज्ञांना त्याच ध्वनिमुद्रणात स्वतंत्र स्वर म्हणता येईल असे काही दिसले नाही.

२००९ मध्ये ख्रिस रायली आणि न्यायवैद्यक भाषाशास्त्रज्ञ जॉन ओल्सन यांनी अधिक स्वच्छ ध्वनिमुद्रण घेऊन उलट निष्कर्ष काढला : ‘फॉर’चा ‘र’ थेट ‘मॅन’च्या ‘म’ला भिडतो, मध्ये जागाच नाही, म्हणून ‘अ’ उच्चारला गेलेला नाही. त्याच वेळी त्यांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. ‘मॅन’वर आवाजाची पट्टी वर जाते आणि ‘मॅनकाइंड’वर खाली येते. विरोध दाखवताना माणूस असाच आवाज वर-खाली करतो. म्हणजे उपपद ऐकू आले नसले, तरी एक माणूस आणि मानवजात यांमधला विरोध वक्त्याच्या मनात होता हे सुरावटीवरून दिसते. मला हे निरीक्षण निष्कर्षाहून मोलाचे वाटते. निष्कर्षाची अडचण अशी की ‘र’ आणि ‘म’ यांच्यामध्ये जागा नसणे हे ‘अ’ नसण्याचे लक्षण तेव्हाच मानता येईल, जेव्हा ‘अ’ला ‘र’च्या पुढे स्वतंत्र जागा लागते असे आधी सिद्ध होईल. ज्या बोलीत ‘अ’ हा ‘र’च्या पोटातच राहू शकतो, त्या बोलीत ‘म’ला लागून ‘र’च दिसणार.

म्हणून योग्य प्रश्न वेगळाच होता आणि तो २०१३ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या लॉरा डिली, मेलिसा बेस-बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारला : आर्मस्ट्राँग ज्या भागात वाढले, त्या भागातली माणसे ‘फॉर’ आणि ‘फॉर अ’ प्रत्यक्षात कशी म्हणतात? आर्मस्ट्राँग यांचा जन्म ५ ऑगस्ट १९३० रोजी ओहायो राज्यातील वापाकोनेटाजवळ झाला. वडील राज्य सरकारचे लेखापरीक्षक असल्याने कुटुंबाने ओहायोतल्याच अनेक गावांत बिऱ्हाडे केली, पण शिक्षणासाठी बाहेर पडेपर्यंत त्यांची बोली त्याच राज्यात घडली. सुदैवाने ओहायोच्या राजधानीतील, म्हणजे कोलंबसमधील, बोलीचा एक उत्तम संग्रह तयार होता. ‘बकाय’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संग्रहात ४० स्थानिक स्त्री-पुरुषांच्या मोकळ्या मुलाखती आहेत, त्यांतील शब्दसंख्या सुमारे ३ लाख भरते आणि प्रत्येक शब्द शब्दकोशात कसा आहे यासोबत प्रत्यक्षात कसा उच्चारला गेला याचीही नोंद आहे. याच संग्रहावरील आधीच्या अभ्यासात असे दिसले होते की, निम्म्याहून अधिक शब्दांचा उच्चार शब्दकोशातील रूपापासून निदान एका ध्वनीने ढळलेला असतो. इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट एकदा शांतपणे वाचावी. ‘हे लोक शब्द खातात’ अशी आपली जी तक्रार असते ती खरी आहे, पण तो अपवाद नसून त्या भाषेची नेहमीची चाल आहे.

या संग्रहात संशोधकांना ‘फॉर अ’ची १९१ उदाहरणे मिळाली. प्रत्येक उदाहरणासाठी त्यांनी त्याच माणसाने म्हटलेले नुसते ‘फॉर’ शोधले आणि दोघांच्या लांबीची तुलना केली. एखादा माणूस मुळातच संथ बोलत असेल तर त्याचा दोष मोजमापात येऊ नये यासाठी ही जोडी आवश्यक होती. अपेक्षा अशी असेल की ‘फॉर अ’चे माप वेगळ्या खणात पडेल आणि ‘फॉर’चे वेगळ्या. प्रत्यक्षात दोन्ही मापांचे पट्टे एकमेकांवर मोठ्या प्रमाणात चढलेले निघाले. पुष्कळ ‘फॉर अ’ हे पुष्कळ ‘फॉर’हून लांब नव्हतेच. आर्मस्ट्राँग यांच्या वाक्यातील वादग्रस्त तुकडा ०.१२७ सेकंदांचा भरला, म्हणजे सेकंदाचा साधारण आठवा हिस्सा, आणि हे माप त्या सामाईक पट्ट्याच्या मध्यावर पडले. हा ध्वनी दोन्ही वाचनांशी सुसंगत आहे, मात्र ऐकणाऱ्याला तो ‘फॉर’ वाटण्याची शक्यता किंचित अधिक आहे, मग वक्त्याने काहीही म्हटलेले असो, असे या अभ्यासाने दाखवले. २०१६ मध्ये हे संशोधन विस्ताराने प्रसिद्ध झाले.

या पद्धतीवर एक आक्षेप घ्यायला हवा आणि मी तो गंभीरपणे घेतो. कोलंबसमधील मुलाखती निवांत गप्पांच्या होत्या, तर आर्मस्ट्राँग यांचे वाक्य जाणीवपूर्वक बोललेले होते. औपचारिक प्रसंगी माणूस सावकाश आणि स्वच्छ बोलतो, तेव्हा गप्पांमधील झीज त्या वाक्याला लावणे कितपत योग्य आहे? आक्षेपात तथ्य आहे, परंतु त्याने निष्कर्ष उलटत नाही. सावकाश बोलताना माणूस प्रामुख्याने आशयाचे शब्द आणि विराम लांबवतो. ‘स्मॉल’, ‘स्टेप’, ‘जायंट’, ‘लीप’ हे लांबतात, आघातहीन शब्द तितके लांबत नाहीत. शिवाय त्या क्षणी वक्ता व्यासपीठावर नव्हता. जड पोशाखात, एका हाताने यानाला धरून, पाय कोठे पडतो ते पाहत तो बोलत होता. वाक्याच्या दुसऱ्या भागातील ‘फॉर मॅनकाइंड’ हा त्याच वक्त्याचा, त्याच श्वासातला, निश्चितपणे उपपदरहित ‘फॉर’ आहे आणि तुलनेसाठी तो मोहक वाटतो हे खरे, परंतु एकाच नमुन्यावरून एका माणसाच्या ‘फॉर’ची नेहमीची लांबी ठरवता येत नाही, आणि त्याची वाक्यातली जागाही वेगळी आहे.

ऐकणाऱ्याचा वाटा

आतापर्यंत आपण बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिले. परंतु ‘अ’ ऐकू न येण्यात ऐकणाऱ्याच्या कानाचाही वाटा आहे आणि या प्रकरणातील सर्वांत अनपेक्षित भाग तोच आहे. डिली आणि मार्क पिट यांनी २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. ज्या वाक्यांत एखादा आघातहीन, शेजाऱ्यात मिसळून जाणारा शब्द होता, अशी वाक्ये त्यांनी घेतली आणि त्या शब्दाच्या तुकड्याला हात न लावता फक्त आजूबाजूचे बोलणे यंत्राने संथ केले. ऐकणाऱ्यांना तो शब्द ऐकू येईनासा झाला. उलट, जेथे असा शब्द नव्हताच, तेथे आजूबाजूचे बोलणे जलद केल्यावर नसलेला शब्द ऐकू येऊ लागला. ध्वनी तोच असताना शब्द प्रकट किंवा गुप्त होतो, कारण आपला कान लांबी घड्याळाने मोजत नाही, शेजारच्या बोलण्याच्या गतीने मोजतो. संथ बोलण्यात आठव्या हिश्शाचा तुकडा एका शब्दापुरताच वाटतो, आणि तोच तुकडा घाईच्या बोलण्यात दोन शब्दांचा ऐवज वाटतो.

आर्मस्ट्राँग यांचे वाक्य ज्याने ऐकले आहे, त्याला ते किती संथ आहे हे सांगायला नको. शब्द एकेक करून येतात आणि ‘मॅन’नंतर दीर्घ विराम आहे. अशा चौकटीत एखादा जलद ‘फर्‌अ’ आला, तर तो ‘फर्’ म्हणूनच ऐकला जाणार. प्रसंगाचे गांभीर्य राखण्यासाठी वक्त्याने जी सावकाश लय धरली, तिनेच त्या लहानशा स्वराची वाट अडवली असण्याचा पुरेपूर संभव आहे. त्याने हेच वाक्य कँटीनमध्ये मित्राला घाईने सांगितले असते, तर कदाचित ‘अ’ ऐकू आला असता.

मराठी भाषक श्रोता या सगळ्यात आणखी एका पायरीने मागे उभा असतो. आपल्या शाळांमधून ‘फॉर’ भरीव ‘ऑ’ने आणि उपपद ‘ए’ किंवा ठळक ‘अ’ने शिकवले जाते. त्यामुळे ‘फॉर’ आणि ‘अ’ हे दोन सुटे, ठोस दगड असतील, त्यांच्यामध्ये फट असेल, अशी आपल्या कानाची अपेक्षा असते. तशी फट मिळाली नाही की आपण ‘अ’ नाही असा निर्णय ताबडतोब देतो, आणि ओहायोच्या श्रोत्याला निदान जी शंका येते ती आपल्याला येतही नाही. वर्गात हे ध्वनिमुद्रण ऐकवताना मी आता ‘अ ऐकू येतो का?’ असे विचारत नाही. ‘फ’ सुटल्यापासून ओठ मिटेपर्यंत काय काय घडते ते सांगा, असे विचारतो. विद्यार्थी मग शब्द शोधणे थांबवून ध्वनी ऐकू लागतात आणि बोली इंग्रजी समजण्यात त्यांची खरी प्रगती तेथून सुरू होते.

खुद्द मराठीत मात्र हा वाद अवतरत नाही, कारण आपल्याकडे उपपदे नाहीत. ‘माणसाचे एक छोटे पाऊल, मानवजातीची मोठी झेप’ असे भाषांतर सर्रास केले जाते आणि त्यातील ‘माणसाचे’ हा शब्द एका माणसाचे आणि मनुष्यमात्राचे असे दोन्ही अर्थ निमूटपणे पोटात घेतो. विरोध स्पष्ट हवा असेल तर ‘एका माणसाचे’ म्हणावे लागते, आणि ‘एका’ हा दोन अक्षरांचा, भरीव स्वरांचा शब्द असल्याने तो असा सहज विरघळत नाही. विरघळण्याची क्रिया मात्र आपल्याला परकी नाही. ‘नको आहे’चे ‘नकोय’ आणि ‘पाहिजे’चे ‘पायजे’ होते. ‘त्याला आता सांग’ हे वाक्य भरभर म्हटले, तर ‘ला’मधील आणि ‘आता’मधील आकार एकमेकांत मिसळून ‘त्यालाता सांग’ होते आणि त्यात एक ‘आ’ आहे की दोन, हे लांबीवरूनच ठरवावे लागते. ‘फर्’ आणि ‘अ’ यांची स्थिती याहून वेगळी नाही.

या साऱ्या तपासण्यांनंतर माझे मत असे झाले आहे की, ‘आर्मस्ट्राँग यांनी अ म्हटला’ आणि ‘आर्मस्ट्राँग यांनी अ गाळला’ ही दोन्ही विधाने एकाच चुकीच्या गृहीतकावर उभी आहेत. ते गृहीतक म्हणजे, बोलणे हे अक्षरांसारखे सुटे सुटे असते आणि प्रत्येक शब्दाला ध्वनिप्रवाहात स्वतःचा तुकडा मिळतो. ओहायोच्या बोलीत ‘फॉर’ आणि ‘फॉर अ’ यांना एकच सामाईक ध्वनिरूप उपलब्ध आहे आणि त्या दिवशी तेच वापरले गेले. सुरावट विरोध दाखवते, वक्ता हेतू सांगतो, माप दोन्हींना सामावून घेते. त्यामुळे ‘फॉर (अ) मॅन’ असे कंसातील ‘अ’सह केलेले लेखन, जे आर्मस्ट्राँग यांनी स्वतःच सुचवले होते, ते मला तडजोड वाटत नाही. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने ते त्या तुकड्याचे सर्वांत काटेकोर वर्णन आहे.

देवनागरीत तर कंसाचीही गरज पडत नाही. आपल्या लिपीत अंत्य ‘र’ लिहिला की त्यात ‘अ’ आधीच लिहिलेला असतो. ‘घर’ या शब्दातला तो ‘अ’ आपण बोलताना सोडून देतो आणि ओवी म्हणताना उच्चारतो, पण दोन्ही वेळा लिहितो एकाच रीतीने. १९६९च्या त्या वाक्यातले ‘फॉर मॅन’ हे शब्द देवनागरीत पाय न मोडता लिहिले की ‘र’मधला तो ‘अ’ कागदावर असतो, आणि तो वाचताना म्हणायचा की नाही हे कागद सांगत नाही.